विदर्भातल्या खेड्यात नवीन आलात? फेब्रुवारी ते मे हवामान कसं पाहायचं अन् आभाळ कसं वाचायचं

बदली होऊन आलेले शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले लोक, लग्न होऊन आलेल्या सुना, नोकरी सोडून वावर करायला परत आलेली पोरं, सगळ्यांचा इकडच्या पहिल्या उन्हाळ्यात एकच प्रश्न असतो, मोबाइल पाऊस दाखवून राहिला होता तर आला काहून नाही, अन् काहीच दाखवत नव्हता त्या दिवशी गारा कशा पडल्या. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय, फेब्रुवारी ते मे एवढ्यापुरतंच, कारण पावसाळ्याचं गणित वेगळं आहे. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: अंदाज जिल्ह्याचा असतो अन् अवकाळीचा ढग दोन-चार गावांचा असतो. म्हणजे पाच दिवसांचा अंदाज पाहून कामाची आखणी करायची, पण ताडपत्री कधी टाकायची, मजुरांना वावरातून कधी काढायचं हे शेवटच्या तीन तासांत, रडार अन् आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून ठरवायचं. ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक लोक दोन्ही एकाच ॲपवर सोडतात अन् मग हवामान खात्याला बोल लावतात.

आधी इथला मोसम समजून घ्या

फेब्रुवारीत थंडी ओसरायला लागते तेव्हा हरभरा घाट्यावर असतो, गहू ओंबीत भरत असतो, वरूड-मोर्शी-काटोल-नरखेडकडं संत्र्याच्या आंबिया बहाराची बारीक फळं धरलेली असतात. नेमकी हीच गारपिटीची वेळ. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रभर झाली होती, ती लोक अजून विसरले नाहीत, अन् ११ फेब्रुवारी २०१८ ला पुन्हा विदर्भ-मराठवाड्यात उभी पिकं झोपली.

हे होते कशानं? उत्तर भारतावरून पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून येणारी वादळी हवेची प्रणाली) जातो तेव्हा वरच्या थरात थंड हवा येते, बंगालच्या उपसागराकडून खालच्या थरात दमट वारा येतो, जमीन तापलेलीच असते, अन् या सगळ्यांची गाठ मध्य भारतावर पडते. खालची गरम दमट हवा जोरात वर जाते, उंचावर पाणी गोठते, गार तयार होते, अन् वर चढणाऱ्या हवेला तिचं वजन झेपेनासं झालं की खाली येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी गोठायची उंची कमी असते म्हणून गारा न वितळता जमिनीपर्यंत पोचतात. मे महिन्यात तीच गार बरेचदा वाटेतच पाणी होते, पण वारा मात्र जास्त घातक असतो, टिनं उडतात, विजेचे खांब वाकतात. बातम्यांत 'विदर्भापासून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा' असं ऐकलं की समजायचं पुढचे दोन-तीन दिवस दुपारनंतर आभाळाकडं लक्ष ठेवायचं आहे.

एप्रिलमध्ये सकाळी आभाळ स्वच्छ, दुपारी वावटळ, चारनंतर ढग अन् गडगडाट असा क्रम बरेचदा दिसतो. मे म्हणजे निव्वळ ऊन. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही नावं देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत दर वर्षी येतात. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तिथून नऊ दिवस नवतपा. पाऊस खरा येतो तो जूनच्या मध्याच्या आसपास, त्याच्या आधी जो पडतो त्याच्यावर पेरणी करायची नाही, मग कोणी कितीही म्हणो.

अंदाज कुठं पाहायचा

नागपूरला हवामान खात्याचं प्रादेशिक हवामान केंद्र आहे, विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांचा अंदाज तिथून निघतो. त्यांच्या वेबसाइटवर अन् 'मौसम' ॲपवर तो मिळतो. शेतकऱ्यांनी 'मेघदूत' ॲपही ठेवावं, त्याच्यावर मंगळवारी अन् शुक्रवारी कृषी सल्ला येतो. विजेसाठी 'दामिनी', ते पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलेलं आहे. एवढी तीन पुरेत.

मोबाइलमध्ये आधीपासून जे हवामान दिसते ना, ढगाचं चित्र अन् ४० टक्के, त्याच्यावर वावराचे निर्णय घेऊ नका. ते बहुतेक जागतिक मॉडेलवरून येते, मॉडेलचा एक चौकोनच ९ ते २५ किलोमीटरचा असतो, त्या चौकोनात तुमचं गाव, शेजारचं गाव अन् मधला डोंगर सगळं एकच धरलं जाते. आपल्या हवामान खात्यानं मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या चौकोनाचं भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू केलं, ते जास्त बारीक आहे, तरी उन्हाळ्यातला ढग त्याच्यापेक्षाही लहान असू शकतो.

अंदाजातले शब्द नीट वाचायला शिका, अर्धं काम तिथंच होते. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी, 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५, अन् त्याच्या वर 'बहुतेक सर्व ठिकाणी'. आता विचार करा, उन्हाळ्यात बहुतेक वेळा 'तुरळक ठिकाणी' असंच लिहिलेलं असते, म्हणजे अंदाज बरोबर निघाला तरी दर चार गावांतली तीन कोरडीच राहणार. तुमचं गाव कोरडं राहिलं म्हणून अंदाज चुकला असं होत नाही.

इशाऱ्याच्या रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. पिवळ्याला लोक फारच हलक्यात घेतात. खरं पाहिलं तर वीज पडून माणूस जायला पिवळा अलर्टही पुरतो, कारण रंग हा सगळ्या जिल्ह्याच्या नुकसानीचा हिशेब आहे, एकट्या माणसाचा नाही. वाऱ्याचा आकडाही पाहा, ताशी ३०-४० किलोमीटर लिहिलं असेल तर ताडपत्रीला दगड पुरतात, ५०-६० लिहिलं असेल तर दोरानं बांधावी लागते.

पाच दिवसांच्या अंदाजावर काय ठरवायचं

फवारणी, ओलीत, कापणी, मळणी, बाजार. हरभरा कापायला आला अन् तीन दिवसांनी गडगडाटासह पाऊस दाखवतोय तर कापून वावरात सुडी लावून ठेवू नका, एक तर थ्रेशर मिळत असेल तर लगेच काढून घरात आणा नाही तर उभाच राहू द्या, उभ्या पिकाला हलका पाऊस सोसतो, सुडीत पाणी गेलं की दाणा काळा पडतो. बाजार समितीत माल न्यायचा असेल तर ओट्यावर शेड आहे की उघडं आहे हे आधी विचारा. मिरची वाळत घातलेली असेल तर संध्याकाळी गोळा करायची सवयच ठेवा, अंदाज असो नसो. गडचिरोली-गोंदियाकडं मोहफुलाचा मोसम मार्च-एप्रिलचा, फुलं पहाटे वेचून वाळवायची असतात, ढगाळ दिवस असले की ती कुजतात, तेव्हा तिकडं पावसाइतकंच ढगाळपण मोजावं लागते. मे मधला तेंदूपत्ताही तसाच, गारा झाल्या की पानाला भोकं पडून मालाची किंमत जाते. कुटार मात्र सगळेच विसरतात. ढोरांच्या वर्षभराच्या चाऱ्यावर एक पाणी पडलं की बुरशी लागते, मार्च लागायच्या आधी ते झाकून घ्या.

पाचव्या दिवसाच्या अंदाजावर जास्त भार टाकू नका. पहिले दोन दिवस भरवशाचे, तिसरा बरा, पुढचं म्हणजे फक्त दिशा कळते. रोज सकाळी पुन्हा पाहायचं, कालचं कापून आजचं धरायचं. व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजवर तारीख नसेल तर तो पुढं पाठवू नका, दर वर्षी तेच जुने इशारे फिरून राहतात.

शेवटचे तीन तास

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे म्हणून सावकाश वाचा.

हवामान खातं दर काही वेळानं पुढच्या तीन तासांचा इशारा काढते, त्याला नाऊकास्ट म्हणतात, जिल्ह्याचं नाव टाकून मौसम ॲपवर दिसतो. दुपारी दोननंतर तो पाहायचा. सोबत नागपूरच्या रडारचं चित्र उघडायचं. त्याच्यात निळा-हिरवा म्हणजे हलकं, पिवळा म्हणजे बरं, लाल अन् त्याच्या पुढचे रंग म्हणजे जोरदार, गारांचीही शक्यता. दोन-तीन चित्रं एकामागून एक पाहिली की ठिपका कुठून कुठं सरकून राहिला ते कळते. उन्हाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून असतात म्हणून ढग बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून पूर्वेला जातात, पण कधी जागच्या जागी नवा ढग फुटतो तेव्हा सरकण्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. चित्रावर वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असं लिहिलेलं असलं तर त्यात साडेपाच तास मिळवा, नाही तर सकाळचं चित्र आताचं समजून बसाल. अन् बुलढाणा किंवा सिरोंचाकडचे असाल तर नागपूरचं रडार तुम्हाला फारसं कामाचं नाही, जमीन गोल असल्यामुळे लांबच्या ठिकाणी रडारचा झोत ढगाच्या खालच्या भागावरून न जाता बराच उंचावरून जातो. तिकडं उपग्रहाचं चित्र, दामिनी अन् डोळे.

डोळ्यांनी काय पाहायचं? सकाळी आकाश निळं पण हवा चिकट लागून राहिली, कूलर लावूनही खोली गार होत नाही, तर समजा हवेत ओल आली. कूलर पाण्याच्या वाफ होण्यावर चालतो, हवा कोरडी असेल तरच गार करतो, त्यामुळे घरातला कूलर हा तुमचा पहिला हवामानमापक आहे. अशा दिवशी अकरा-बाराच्या सुमारास लहान पांढरे ढग दिसायला लागतात. ते संध्याकाळपर्यंत तसेच चपटे राहिले तर काही नाही. पण एखादा फुलकोबीसारखा गड्डा होऊन वर वर चढत गेला, कडा ठसठशीत, बूड काळं, तर दीड-दोन तास आहेत असं धरून कामाला लागा. त्याचा माथा चपटा होऊन एका बाजूला पसरला म्हणजे ढग तयार झाला, आता वीज, वारा, गारा काहीही देऊ शकतो. मग अचानक गरम वारा थांबतो, गार झुळूक येते, मातीचा वास येतो, पश्चिमेला धुळीची भिंत दिसते. ही गार हवा ढगातून खाली उतरलेली असते, म्हणजे ढग जवळ आहे. त्या वेळी ताडपत्री शोधायला जाऊ नका, माणसं आत घ्या. ताडपत्रीची वेळ तासभर आधीच होऊन गेली.

वीज

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम सोडून पक्क्या घरात किंवा बंद काचेच्या गाडीत जा, अन् शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस सुरू झाला नाही म्हणून वीज पडत नाही असं काही नसते, पावसाच्या बाहेर कितीतरी लांब वीज पडते.

झाडाखाली जाऊ नका. हे सगळ्यांना माहीत असते अन् तरी दर वर्षी वावरातल्या आया-बहिणी कडुनिंबाखाली, मोहाखालीच सापडतात, कारण धावत जायला जवळ दुसरं काही नसते. म्हणून काम सुरू करायच्या आधीच ठरवून ठेवा की कुठं जायचं. मजूर बाया लावल्या असतील तर ही जबाबदारी वावराच्या मालकाची आहे, हे मी ठासून सांगतो. पत्र्याचं उघडं खोपडं, टॉवर, तारेचं कुंपण, विहिरीवरचा मोटारपंप अन् स्टार्टर यांच्यापासून लांब. सगळे एका जागी गोळा होऊन उभे राहू नका, अंतर ठेवा. काहीच आसरा नसेल तर उंचवट्यावरून, धुऱ्यावरून खाली उतरा, पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, जमिनीवर आडवं पडू नका. कोणाला वीज लागलीच तर त्याच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला घाबरू नका, श्वास थांबला असेल तर छाती दाबणं सुरू करा अन् १०८ ला फोन लावा. दामिनी ॲप आसपास २०-४० किलोमीटरमध्ये वीज पडली की दाखवते, पण त्याला लोकेशन अन् नेट दोन्ही लागते, वावरात नेट नसेल तर गावात घरी असलेल्या माणसानं पाहून फोन करायचा, असं ठरवून घ्या.

ऊन

उष्णतेची लाट म्हणजे नुसतं लय ऊन नाही. मैदानी भागात पारा किमान ४० वर गेला अन् नेहमीपेक्षा ४.५ अंश जास्त झाला तर लाट, ६.४ च्या वर गेला तर तीव्र लाट. किंवा सरळ ४५ झाला तर लाट, ४७ झाला तर तीव्र. नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९ होतं. हे आकडे सावलीतल्या, हवा खेळत्या लाकडी पेटीतल्या तापमापकाचे असतात, गाडीच्या डॅशबोर्डवर ५१ दिसले म्हणून ते गावाचं तापमान होत नाही. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले अन् बातमी देशभर फिरली, तो सेन्सरचा बिघाड होता. आकडा पाहून घाबरण्यापेक्षा रात्रीचं किमान तापमान पाहा, रात्र गार झाली नाही तर शरीराला सावरायला वेळ मिळत नाही, म्हातारी माणसं अन् लहान लेकरं त्यातच आजारी पडतात. वावरातलं काम पहाटे पाच ते दहा, मग चारनंतर. डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी, पन्हं नाही तर ओआरएस. घाम यायचा बंद झाला अन् माणूस बरळायला लागला तर सावलीत घेऊन अंग ओलं करा, वारा घाला, थांबायचं नाही, दवाखाना.

गारपीट झाल्यावर

त्याच दिवशी फोटो काढा, गट नंबर कळेल असे, तारीख-वेळ दिसेल असे, गारा वितळायच्या आत. तलाठी अन् कृषी सहायकाला कळवा, पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा. विमा असेल तर १४४४७ वर फोन करून चालू हंगामाचे नियम विचारा, ते बदलत राहतात, गेल्या वर्षीच्या माहितीवर बसू नका. महसूल मंडळात महावेधचं (राज्य शासनाच्या हवामान प्रकल्पाचं) स्वयंचलित केंद्र असते, तुमच्या मंडळाचं कुठं बसवलं आहे ते माहीत करून घ्या, पावसाची नोंद तिथली धरली जाते.

जुन्या खुणा अन् भेंडवळ

गावातली म्हातारी माणसं टिटवीची अंडी, कावळ्याचं घरटं, होळीचा धूर कोणत्या दिशेला गेला यावरून पावसाचं सांगतील. बसून ऐका, त्यांच्याकडं निरीक्षण खूप असते. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, वावरात घट करून त्याच्याभोवती अठरा प्रकारची धान्यं मांडतात अन् दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाहून पिकं-पावसाचं भाकीत सांगतात. दूरदूरून शेतकरी येतात, एकदा जाऊन पाहण्यासारखं आहे. बियाणं घेताना मात्र हवामान खात्याचा अंदाज अन् आपल्या जमिनीची ओल हेच धरा, कर्ज काढून बियाणं घ्यावं लागते भाऊ. चंद्राला खळं पडलं की पाऊस, हेही ऐकाल. ते खळं उंचावरच्या विरळ ढगातल्या बर्फाच्या कणांमुळे दिसते अन् असे ढग कधी कधी पश्चिमी चक्रावाताच्या पुढं येतात, त्यामुळे त्यात तथ्य आहे पण दर वेळी नाही.

रात्रीचं अन् दुपारचं आभाळ

उन्हाळ्यात इकडं सगळेच अंगणात, गच्चीवर झोपतात, त्याचा फायदा घ्या. मार्चमध्ये अंधार पडल्यावर मृग अन् व्याध डोक्यापासून पश्चिमेकडं कललेले दिसतात, मे उजाडेपर्यंत ते मावळतीला टेकतात. उत्तरेला सप्तर्षी वर चढलेले, त्यांच्या शेपटीचा बाक पुढं नेला की स्वाती, अजून पुढं नेला की चित्रा. ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून हात लांब करून साधारण दोन मुठी वर. अन् एप्रिलअखेर रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला क्षितिज मोकळं असेल तर जेमतेम एक मूठ उंचीवर त्रिशंकू दिसतो, दिल्लीच्या लोकांना तो नीट दिसत नाही, आपल्याला दिसतो. २२ एप्रिलच्या आसपास अन् ५-६ मेच्या पहाटे उल्कावर्षाव असतात, चंद्र नसेल तर उठून पाहा. पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग जानेवारी २०२४ मध्ये देशातला पहिला डार्क स्काय पार्क झाला, पण खेड्यात राहत असाल तर गावाबाहेर अर्धा किलोमीटर गेलं तरी खूप दिसते.

मे महिन्यात शून्य सावली दिवस येतो, शाळेतल्या मुलांना नक्की दाखवा, सुट्या असल्या तरी गोळा करा. सिरोंच्याला १५-१६ मे, चंद्रपूरला २०-२१, अकोल्याला २३-२४, अमरावतीला २४-२५, नागपूरला २६-२७ च्या आसपास. वेळ बरोबर बाराची नसते, नागपूर-चंद्रपूरकडं १२ वाजून १० मिनिटांच्या जवळपास, अकोल्याला १२ वाजून १९, बुलढाण्याला अजून दोन-तीन मिनिटं उशिरा. सपाट जागेवर पाण्याची बाटली उभी करा, सावली तिच्या बुडाखाली जाते. दहा मिनिटांचंच काम आहे, डोक्याला दुपट्टा बांधूनच करा.

आकाशात काही विचित्र दिसलं तर घाबरण्याआधी वेग पाहा. एका रांगेत चालणारे ठिपके म्हणजे स्टारलिंकचे उपग्रह. एकच ठळक ठिपका चार-पाच मिनिटांत आभाळ पार करत असेल तर बहुतेक अंतराळ स्थानक. उल्का एक-दोन सेकंदात संपते. अन् तुकडे तुकडे होत, शेपट्या सोडत हळूहळू काही आडवं जाऊन राहिलं असेल तर तो अंतराळातला कचरा. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, असंच दिसलं होतं, लोकांना उल्का वाटली, अन् चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपास धातूचे गोळेही सापडले. ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे अवशेष होते. असं काही तुमच्या वावरात पडलं तर हात लावू नका, त्या टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश राहू शकतो, लेकरं अन् ढोरं लांब ठेवा, लांबून फोटो काढा अन् पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ लावा.